उपचार संपल्यानंतरची वही : गुदाशयाच्या कर्करोगातून बाहेर पडलेल्या एका कुटुंबाचे प्रकरण

कर्करोगाच्या रुग्णांबरोबर आणि त्यांच्या घरच्यांबरोबर समुपदेशक म्हणून काम करताना एक गोष्ट मला वारंवार दिसली आहे. उपचार चालू असतात तोवर घर कसेबसे का होईना, पण एकजुटीने उभे राहते. शेवटची केमो होते, टाके निघतात, डॉक्टर ‘आता तीन महिन्यांनी या’ म्हणतात, आणि त्यानंतर काही आठवड्यांतच तेच घर आतून खचू लागते. नातेवाईक अभिनंदन करून गेलेले असतात, त्यामुळे हे खचणे बाहेरच्या कुणाला दिसत नाही आणि घरातल्यांना ते बोलून दाखवण्याची लाज वाटते. येथे मांडलेले प्रकरण अशाच एका घराचे आहे. कोणत्याही खऱ्या रुग्णाची ओळख उघड होऊ नये म्हणून अनेक घरांत जवळून पाहिलेल्या गोष्टी एकत्र करून हे कुटुंब उभे केले आहे. आजार, उपचार आणि त्यांचे परिणाम मात्र प्रत्यक्षात जसे असतात तसेच ठेवले आहेत.

आजार आणि घराची बांधणी

निदान झाले तेव्हा रुग्ण ४७ वर्षांचे होते आणि एका छापखान्यात पर्यवेक्षक म्हणून काम करत होते. घरात ४३ वर्षांच्या, नोकरी करणाऱ्या पत्नी, १६ वर्षांची मुलगी, १० वर्षांचा मुलगा आणि रुग्णाच्या ७२ वर्षांच्या आई. धाकटे भाऊ, वय ४४, वेगळे राहत असले तरी त्यांचे रोजचे येणे-जाणे होते. शौचावाटे रक्त जात होते, ते मूळव्याधीचे असेल असे धरून काही महिने निघून गेले आणि अखेर तपासणीत गुदाशयात गाठ सापडली. आजार तिसऱ्या टप्प्यात होता. म्हणजे गाठ आसपासच्या लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली होती, पण यकृत किंवा फुप्फुसांसारख्या दूरच्या अवयवांत गेलेली नव्हती.

उपचार लांबलचक होते. आधी साडेपाच आठवड्यांत २८ वेळा रेडिएशन आणि त्याच्या जोडीला केमोच्या गोळ्या, नंतर सुमारे दहा आठवडे थांबून शस्त्रक्रिया. गाठीचा भाग काढून आतडे खाली पुन्हा जोडण्यात आले, आणि तो जोड भरून येईपर्यंत त्यावर ताण पडू नये म्हणून लहान आतड्याचे तोंड तात्पुरते पोटावर काढून तेथे पिशवी लावण्यात आली. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी एक अशा ऑक्झॅलिप्लॅटिनच्या सहा केमो आणि सोबत कॅपेसिटाबिनच्या गोळ्या. सर्वांत शेवटी छोट्या शस्त्रक्रियेने पिशवीची वाट बंद करून आतडे पुन्हा नेहमीच्या मार्गाला लावण्यात आले. सगळे मिळून तेरा महिने लागले.

या तेरा महिन्यांत घरातल्या प्रत्येकाने, कुणी न सांगता, एकेक काम उचलले. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे थंड वस्तूला हात लागला की बोटांत कळा आणि झिणझिण्या येतात, थंड पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो. रुग्णांना हा त्रास पहिल्याच केमोपासून होता. दहा वर्षांच्या मुलाने ते पाहिले आणि फ्रिजचे दार ही आपली जबाबदारी आहे असे ठरवून टाकले. वडील स्वयंपाकघरात आले की तो धावत जाई : “बाबा, थांबा, मी काढतो.” मुलीने आजीकडे आणि भावाच्या अभ्यासाकडे पाहण्याचे काम घेतले. आई-वडिलांच्या खोलीबाहेर गादी टाकून झोपायलाही तिने सुरुवात केली. आजींना ‘आतड्याला सूज आहे’ एवढेच सांगितलेले होते. त्यांनी त्यापुढे काही विचारले नाही आणि घरच्यांनी ते सोयीचे मानले.

पत्नींनी वही घातली.

वही

ही वही मी नंतर पाहिली. जाड पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. पहिल्या पानावर रुग्णालयाचे तीन फोन क्रमांक आणि लाल शाईने ‘ताप १००.४ च्या वर = लगेच फोन’ असे लिहिलेले. पुढे प्रत्येक दिवसाला एक पान आणि पानावर पट्टीने आखलेले रकाने : तापमान, गोळ्यांची वेळ, वजन, लघवी, पिशवीतून बाहेर पडलेले मिलिलिटर. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची असते, आणि प्रत्येक वेळी पत्नी ते मोजपात्रात ओतून आकडा लिहीत. अक्षर आधी वळणदार आहे, तिसऱ्या केमोच्या आसपास ते तिरके होत जाते, पण एकही दिवस कोरा नाही.

या वहीने एकदा खरोखरच मोठे संकट टाळले होते. लहान आतड्याची पिशवी असलेल्या माणसाच्या शरीरातून दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी बाहेर पडू लागले तर शरीर कोरडे पडते आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. दुसऱ्या केमोनंतर सलग दोन दिवस आकडा १८०० च्या पुढे गेला. रुग्ण ‘जरा थकवा आहे’ म्हणत पडून होते, पण पत्नींनी वहीचे पान समोर धरले आणि त्यांना रुग्णालयात नेले. दोन दिवस सलाईन चालले. डॉक्टरांनी त्या वहीचे कौतुक केले. एवढे सविस्तर सांगण्याचे कारण असे, की पुढे ज्या वहीवरून घरात भांडण पेटले, ती कुणाच्या संशयी स्वभावातून आलेली नव्हती. तिने आपले काम चोख केले होते आणि म्हणूनच ती खाली ठेवणे कठीण झाले होते.

पिशवी बंद झाल्यावर रकाने एकेक करून नाहीसे झाले. गोळ्या संपल्या, ताप नाही, पिशवी नाही. एक रकाना मात्र नव्याने आला. त्यात फक्त वेळा होत्या. ‘सकाळी ६.१०, ६.२५, ६.४०, ७.०५, ७.१५…’ रुग्ण शौचाला किती वेळा जातात याची ती नोंद होती आणि ती त्यांच्या नकळत होत होती. पिशवी बंद होऊन चार महिने झाल्यावर एका सायंकाळी फोनचे बिल शोधताना स्वयंपाकघरातल्या खणात ती वही त्यांच्या हाती लागली. त्या दिवसाच्या पानावर चौदा वेळा होत्या.

“आता तरी मला मोजणं बंद कर,” ते म्हणाले.

“मोजलं नाही तेव्हा काय झालं, विसरलात का?” पत्नींनी विचारले.

यापुढचे भांडण मुलीने दाराआडून ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने स्वतः रुग्णालयात फोन करून समुपदेशनाची वेळ मागितली, आणि आई-वडील दोघांनाही ‘मला बोलायचं आहे, तुम्ही फक्त बरोबर चला’ असे सांगून घेऊन आली. निदानाला तेव्हा सतरा महिने झाले होते.

पहिली भेट आणि माझी चूक

कर्करोग विभागांत मानसिक ताणाचा अंदाज घेण्यासाठी तापमापीच्या चित्राची एक साधी पट्टी वापरतात. शून्य ते दहा या पट्टीवर गेल्या आठवड्यातला त्रास दाखवायचा. चार किंवा त्याहून जास्त आकडा आला तर अधिक चौकशी करायची असते. मी ती पट्टी तिघांनाही दिली, कारण ताण फक्त रुग्णाचाच मोजायचा ही पद्धत मला अपुरी वाटते. रुग्णांनी ६ वर खूण केली, मुलीने ७ वर. पत्नींनी ३ वर खूण केली आणि म्हणाल्या, “मला काय झालंय? आजारी तर हे होते.” मग झोपेबद्दल विचारले तेव्हा कळले की त्या रात्री चार तासही झोपत नाहीत, वर्षभरात त्यांचे वजन आठ किलोंनी कमी झाले आहे आणि स्वतःच्या रक्तदाबाची गोळी त्या कधी घेतात, कधी विसरतात. दुसऱ्या महिन्यात पुन्हा पट्टी दिली तेव्हा त्यांनी बराच वेळ पेन्सिल धरून ८ वर खूण केली. त्यांचा ताण त्या महिनाभरात वाढला असावा असे मला वाटत नाही. त्रास होतो आहे असे म्हणायला जी मोकळीक लागते, ती त्यांना तोवर मिळालेली नव्हती.

रुग्णांबाबत मात्र माझ्याकडून चूक झाली, आणि ती येथे नोंदवणे मला आवश्यक वाटते. ते मित्रांना भेटत नव्हते, कामावर परत जाण्याचा विषय टाळत होते, लग्नकार्याला जाणे सोडले होते, दुपारी जेवत नव्हते. मी याचा अर्थ उदासीनता असा लावला आणि दोन भेटी त्या दिशेने घालवल्या. तिसऱ्या भेटीत, त्यांचा आदला दिवस तासातासाने सांगायला लावला तेव्हा चित्र पालटले. ते माणसांना टाळत नव्हते. शौचालयापासून दूर जाणे टाळत होते. दुपारी जेवले की तासाभरात पाच-सहा वेळा जावे लागे, तेही इतक्या घाईने की दोन मिनिटांची सवड मिळत नसे. दोनदा कपडे खराब झाले होते, आणि हे त्यांनी पत्नीला, डॉक्टरांना, कुणालाही सांगितले नव्हते.

गुदाशयाचा भाग काढून आतडे जोडल्यानंतर मल साठवण्याची जागाच कमी झालेली असते. त्यात रेडिएशन झाले असेल तर उरलेल्या भागाची लवचिकताही घटते. वारंवार जावे लागणे, थोड्या थोड्या वेळाने पुन्हा जावे लागणे, घाई आणि वायूवर ताबा न राहणे हा सगळा त्रास या शस्त्रक्रियेचा ठरलेला आणि नाव असलेला परिणाम आहे. त्याची तीव्रता ठरवण्यासाठी डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१२ मध्ये पाच प्रश्नांची एक गुणपद्धती तयार केली. तिच्यात शून्य ते ४२ गुण मिळतात आणि ३० पासून पुढे त्रास तीव्र समजला जातो. आमच्या रुग्णांचे गुण ३८ आले. त्यांना शस्त्रक्रिया विभागाकडे परत पाठवले. शौच आवरणारी गोळी जेवणाआधी ठरावीक वेळी, मल बांधून येण्यासाठी तंतूंची पूड, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे नियमित भेटी असा उपचार सुरू झाला. चार महिन्यांनी गुण २८ वर आले. त्रास गेला नाही, पण आता घराबाहेर दोन-तीन तास काढता येतात एवढा तो आटोक्यात आला.

मला राहून राहून वाटते ते असे. पिशवी बंद करण्याआधी पाच मिनिटे या पती-पत्नींना समोर बसवून ‘पुढचे वर्ष दीड वर्ष हे होणार आहे, यावर उपाय आहेत, लपवू नका’ एवढे कुणी सांगितले असते, तर त्या वहीतला तो रकाना कदाचित जन्मालाच आला नसता. शस्त्रक्रियेची जोखीम समजावून सांगितली जाते, संमतीपत्रावर सही घेतली जाते. पण घरी गेल्यावर रोजचे जगणे कसे असेल याविषयी आपण फार कमी बोलतो. फिट्झह्यू मुलन हे अमेरिकी डॉक्टर स्वतः कर्करोगातून गेले होते. त्यांनी १९८५ मध्येच मांडले होते की निदान आणि उपचारांच्या काळानंतर एक वेगळा, लांबचा काळ येतो. त्यात उपचार थांबलेले असतात, आजार परत येण्याची भीती मनावर स्वार असते आणि शरीराच्या नव्या मर्यादा एकट्याने शिकाव्या लागतात. इतकी वर्षे होऊनही रुग्णालयातून घरी जाणाऱ्या माणसाच्या हाती या काळाचा नकाशा क्वचितच दिलेला असतो.

दोघांनी लपवलेले

चौथ्या भेटीला पत्नी एकट्या आल्या. वहीविषयी बोलताना त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “रक्त जातंय म्हणाले, तेव्हा मीच म्हटलं होतं की मूळव्याध असेल, औषध आणा. चार महिने मी गप्प बसले. माझ्या आईला होती ना, म्हणून वाटलं…” वाक्य पुढे गेले नाही. एकदा आपले लक्ष चुकले, आता पुन्हा चुकू द्यायचे नाही, हा त्या सगळ्या मोजणीमागचा हिशेब होता.

अशा वेळी ‘तुमचा काही दोष नाही’ असे म्हणण्याचा मोह होतो. मी तो टाळते, कारण ऐकणाऱ्याला ते पटत नाही आणि विषय मात्र बंद होतो. शिवाय लवकर तपासणी झाली असती तर फरक पडला नसता, असे प्रामाणिकपणे कुणालाच म्हणता आले नसते. मी एवढेच सांगितले की शौचातून रक्त जाण्याचे कारण बहुतेक वेळा मूळव्याधीसारखे साधे असते, म्हणून ही चूक असंख्य घरांत होते, आणि म्हणूनच रक्त दिसले की तपासून घ्यावे असे डॉक्टर सांगत असतात. आणि विचारले, हे तुम्ही त्यांच्याजवळ बोलला आहात का? त्या म्हणाल्या, त्यांना कशाला आणखी त्रास द्यायचा.

पुढच्या भेटीत दोघेही होते. पत्नींनी हेच वाक्य, जवळपास त्याच शब्दांत, पतीसमोर उच्चारले. ते बराच वेळ खाली पाहत राहिले. मग म्हणाले, “तुला सांगितलं, त्याच्या आधी तीन महिने मला माहीत होतं. घाबरून बोललो नाही. तू मूळव्याध म्हणालीस, तेव्हा मला बरंच वाटलं.”

मला वाटले होते की हे ऐकून पत्नींच्या डोक्यावरचे ओझे उतरेल. तसे झाले नाही. त्यांना राग आला, आणि तो खरा होता. सतरा-अठरा महिने त्यांनी जो अपराध एकटीने वागवला, त्याचा निम्म्याहून अधिक वाटा दुसऱ्या माणसाच्या खिशात होता आणि तो माणूस त्यांच्याच घरात राहत होता. दोन आठवडे त्या पतीशी कामापुरतेच बोलल्या. मी त्या अबोल्यात हस्तक्षेप केला नाही. आजारी माणसावर रागावता येत नाही हा नियम या घरात निदानाच्या दिवसापासून लागू होता. तो मोडला गेला याचा अर्थ माझ्या लेखी असा होता की रुग्ण पुन्हा नवरा होऊ लागला आहे.

एकमेकांना जपण्यासाठी काळजी आणि राग गिळून टाकण्याची ही सवय अनेक जोडप्यांत आढळते. हृदयविकाराच्या आणि कर्करोगाच्या रुग्णांच्या जोडप्यांवर झालेल्या अभ्यासांत दिसते, की त्यात लपवणाऱ्याचा स्वतःचा ताण वाढतो. या घरात तर लपवणारे दोघेच नव्हते. आजींना सगळे पहिल्यापासून माहीत होते. एका भेटीला त्या स्वतःहून आल्या आणि मला म्हणाल्या, “सुजेला कुणी महिनाभर वीज लावतं का? पण पोरांना वाटतं ना, म्हातारीला कळू नये, मग मी पण कळलं नाही असं दाखवलं.” त्यांनी मुलाच्या आजाराविषयी एकदाही मोकळेपणाने रडून घेतले नव्हते, कारण त्यांच्यासाठी तो आजार अधिकृतपणे घडलाच नव्हता.

मुलांपैकी धाकट्याने एकाच प्रश्नात सगळे प्रकरण माझ्यासमोर ठेवले : “बाबा बरे झाले ना, मग आई वही का लिहिते?” आई-वडील तोंडाने ‘सगळं ठीक आहे’ म्हणत होते, पण मुलगा वही वाचत होता. बाहेर कडक ऊन असले तरी तो अजूनही वडिलांच्या आधी फ्रिजकडे धावत होता, कारण त्याला त्या कामावरून कुणी मोकळे केलेच नव्हते.

कामे परत देणे

सहाव्या भेटीला मी सगळ्यांना एकत्र बोलावले आणि एकच गोष्ट करायला सांगितली. आजारात तुम्ही कोणते काम उचललेत ते सांगा, आणि ते आता कुणाकडे जायला हवे ते ठरवा. आजारात घर नव्याने बांधले जाते, पण ती बांधणी आपोआप सुटत नाही. ती बोलून सोडवावी लागते, नाहीतर माणसे वर्षानुवर्षे तात्पुरत्या जागी उभी राहतात, हे या प्रकरणातून मला सांगायचे आहे.

फ्रिजचे सर्वांत सोपे होते. थंडाची ती तीव्र संवेदना केमोनंतर हळूहळू गेली होती. तळपायांचा आणि बोटांच्या टोकांचा बधिरपणा उरला होता. हा बधिरपणा केमो थांबल्यावरही दोन-तीन महिने वाढत जाऊ शकतो. घरच्यांना ते ठाऊक नसल्याने त्यांनी तो आजार उलटल्याची खूण मानून मनातल्या मनात भीती बाळगली होती. वडिलांनी मुलाला जवळ बोलावून त्याच्या देखत थंड पाण्याची बाटली हातात धरली आणि म्हणाले, “बघ, आता चालतं. उद्यापासून तुझी सुट्टी.” मुलगा हसला नाही. त्याने बाटली वडिलांच्या हातात किती वेळ राहते ते नीट पाहिले, मग मान हलवली.

मुलीचे काम परत घेणे अवघड गेले. ती बारावीनंतर घराजवळच्याच महाविद्यालयात जायचे ठरवून बसली होती. खरी आवड असलेला अभ्यासक्रम दुसऱ्या शहरात होता. “मी गेले तर रात्री कोण आहे?” असे तिने विचारले, आणि त्यावर आई काही बोलण्याआधीच आजी म्हणाल्या, “मी आहे. मला कुणी काही सांगितलं तर मी आहे.” त्या दिवसापासून आजींना प्रत्येक तपासणीची तारीख आणि अहवाल सरळ शब्दांत सांगायचे ठरले. मुलीने गादी तिच्या खोलीत नेली, पण दार उघडे ठेवून झोपण्याची सवय बरेच महिने राहिली.

राहिली वही. पत्नींना ती फाडून टाकायला सांगावे असे मला कधीच वाटले नाही. योगायोगाने फिजिओथेरपिस्टने रुग्णांना दोन आठवड्यांची नोंद मागितली होती : काय खाल्ले, गोळी कधी घेतली, शौचाला किती वेळा आणि किती घाईने. मी सुचवले की ही नोंद त्याच वहीत व्हावी, पण रुग्णांच्या हाताने. पत्नींनी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि पट्टीही दिली. रुग्णांनी रकाने स्वतः आखले. पहिला आठवडा पत्नी वारंवार डोकावत होत्या, हे दोघांनीही सांगितले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी डोकावणे कमी केले आणि आपल्या रक्तदाबासाठी डॉक्टरांची वेळ घेतली. गोळ्या आणणे, तपासणीच्या वेळा ठरवणे, डॉक्टरांना प्रश्न विचारणे हीसुद्धा एकेक करून रुग्णांकडे गेली. कामावरही ते सुरुवातीला अर्धा दिवस जाऊ लागले. दिवसभर उभे राहणे जमत नव्हते, म्हणून त्यांना बसून करायचे काम आणि शौचालयाजवळची जागा मिळाली.

पती-पत्नींच्या शरीरसंबंधांचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. गुदाशयाची शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांत त्या भागातल्या नसांना इजा होऊ शकते आणि पुरुषाच्या लैंगिक क्षमतेवर परिणाम होतो. हे त्यांना कुणीही आधी सांगितले नव्हते. पिशवी आल्यापासून ते वेगळे झोपत होते आणि पिशवी गेल्यावर पुन्हा जवळ कसे यायचे हे दोघांनाही उमगत नव्हते. मूत्रविकारतज्ज्ञांकडून औषधे मिळाली, त्यांचा थोडा उपयोग झाला. आता दोघे एका खोलीत, एका पलंगावर झोपतात. याहून अधिक नोंदवण्यासारखे काही नाही, आणि हे त्यांना पुरेसे वाटते की नाही हे त्यांनीच ठरवायचे आहे.

एका आकड्याची परीक्षा

या आजारात उपचारांनंतर पाच वर्षे पाठपुरावा चालतो. पहिली दोन-तीन वर्षे तो अधिक दाट असतो, कारण आजार परत येण्याचा धोका तेव्हा सर्वांत जास्त असतो. दर तीन महिन्यांनी सीईए (या कर्करोगात रक्तात वाढू शकणारे एक प्रथिन) मोजणारी रक्ततपासणी, ठरावीक अंतराने सीटी स्कॅन आणि कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची आतून तपासणी. तपासणीच्या आधीचे दहा दिवस या घरात शांतता असे. अहवाल पत्नीच्या फोनवर येई आणि त्या तो मध्यरात्री, न्हाणीघरात जाऊन, एकट्या उघडत.

आम्ही आधीच ठरवून ठेवले होते की अहवाल दोघांनी मिळून, दिवसा, डॉक्टरांच्या भेटीच्या दिवशीच पाहायचा. हा नियम तिसऱ्याच महिन्यात कसोटीला लागला. सीईए ५.८ आला. त्या प्रयोगशाळेची मर्यादा ५ होती. डॉक्टरांनी सांगितले की सूज, जंतुसंसर्ग, यकृताचा त्रास अशा कारणांनीही हा आकडा थोडा वर जाऊ शकतो, एका आकड्यावरून काही ठरत नाही, चार आठवड्यांनी पुन्हा पाहू.

ते चार आठवडे कसे गेले, ते मला तपशिलात माहीत आहे, कारण पत्नी दर आठवड्याला फोन करत होत्या. भीती होतीच. पण या वेळी आकडा आजींना सांगितला गेला, मुलीला सांगितला गेला, मुलालाही त्याला कळेल अशा शब्दांत सांगितला गेला : “एक तपासणी पुन्हा करायची आहे. कदाचित काही नसेल. असलं तर तुला सांगू.” रुग्ण एका रात्री उठून पत्नीला म्हणाले की मला भीती वाटते, आणि दोघे पहाटेपर्यंत बोलत बसले. दुसऱ्या वेळी आकडा ३.४ आला. घरात आनंद झाला, पण मला नोंदवायचे आहे ते त्या आनंदाआधीचे चार आठवडे. पहिल्या आजारात जे प्रत्येकाने एकट्याने सोसले होते, ते या वेळी त्यांनी एका छपराखाली सोसले.

भावाची तारीख

शेवटचा मुद्दा रक्ताच्या नात्यातल्यांचा. रुग्णाच्या गाठीवर आनुवंशिक दोषाची प्राथमिक तपासणी झाली होती आणि ती सामान्य आली होती. त्यामुळे लिंच सिंड्रोम या, आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या आनुवंशिक विकाराची शक्यता बरीच कमी झाली. तरीही आई-वडील, भावंडे किंवा मुले यांपैकी कुणाला मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग झाला असेल, तर इतरांनी वयाच्या चाळिसाव्या वर्षी किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षे आधी, यांतले जे लवकर येईल तेव्हापासून कोलोनोस्कोपी करून घ्यावी, असा सर्वसाधारण सल्ला असतो. रुग्णाचे निदान ४७ व्या वर्षी झाले, म्हणून मुलांसाठी ते वय ३७ येते. ही गोष्ट मुलांना आत्ता सांगावी का, यावर बराच विचार झाला आणि सांगायचे ठरले. मुलीने ते वर्ष फोनमध्ये टिपून ठेवले. मुलगा एव्हाना बारा वर्षांचा झाला होता. त्याने मनात वजाबाकी केली, ‘अजून पंचवीस वर्षं आहेत’ म्हणाला आणि विषय त्याच्यापुरता संपला.

भावासाठी मात्र ते वय केव्हाच उलटून गेले होते. त्यांनी आजारात धावपळ केली होती, रक्त दिले होते, रात्री रुग्णालयात काढल्या होत्या. पण स्वतःच्या तपासणीचा विषय निघाला की ‘मला काही होत नाही’ म्हणून ते उठून जात. वहिनींनी सांगून पाहिले, आजींनी शपथ घातली. अखेर रुग्ण स्वतः त्यांच्या घरी गेले आणि तीन महिने गप्प बसल्याची जी गोष्ट त्यांनी पत्नीला सांगितली होती, तीच भावाला सांगितली.

निदानाला दोन वर्षे झाली तेव्हा आमची ठरलेली शेवटची भेट झाली. रुग्ण वही घेऊन आले होते. शौचाच्या नोंदी त्यांनी महिन्यापूर्वी थांबवल्या होत्या. आता तिच्यात पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि डॉक्टरांना विचारायचे प्रश्न होते. मागच्या पानावर भावाच्या कोलोनोस्कोपीची तारीख लिहिली होती. ती दोनदा खोडून पुढे गेली होती. तिसरी तारीख पुढच्या मंगळवारची होती, आणि तिच्यापुढे दुसऱ्या अक्षरात, भावाने स्वतः, सकाळी आठची वेळ लिहिली होती.